चाकांवरचं खळं

माणसाला एखादा छंद असावा असं सगळेच म्हणतात. मात्र तो कोणता असावा, हे ठरवण्याचा अधिकार आजूबाजूच्यांनी स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस सुसंस्कृत ठरतो, जुनी नाणी जमवणारा विद्वान ठरतो, आणि काहीही न जमवता नुसत्या गझला ऐकणाऱ्याला रसिक ही पदवी बसल्या जागी मिळते. पण "मला जुन्या कंबाइन हार्वेस्टरांचा नाद आहे," असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या दोन खोल्यांच्या ब्लॉककडे बघतात आणि अत्यंत काळजीनं विचारतात, "ठेवता कुठं?"

कुठं ठेवणार? डोक्यात. तिथं रिकामी जागा भरपूर आहे, असं आमच्या सौ.चं फार जुनं मत आहे.

माझ्या नावावर सातबारा नाही. गॅलरीतली तुळस आणि तिच्या शेजारी आपोआप उगवलेला टोमॅटो एवढंच माझं बागायती क्षेत्र. शिक्षण बी. कॉम., म्हणजे यंत्रांचं ज्ञान स्टेपलरपर्यंत. पण बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर असताना कर्जप्रकरणांना जोडून येणारी हार्वेस्टरांची रंगीत माहितीपत्रकं वाचता वाचता मी एकेक पिढी मागं जात राहिलो. या यंत्राचा बाप कोण, आजा कोण, पणजा कोण! स्थळ बघायला निघालेला माणूससुद्धा एवढं कुळ शोधत नाही. आणि जुनी खातेवही उलटताना होतं तेच झालं. बघत होतो जमेची बाजू, पण समोर नावेच्या बाजूलाही नोंदी दिसायला लागल्या. हिशेबनिसाला एकच बाजू वाचून झोप लागत नाही, म्हणून दोन्ही बाजू इथं मांडतो.

ज्या वाचकांची धान्याशी पहिली भेट वाण्याच्या दुकानातच होते, त्यांच्यासाठी आधी थोडं स्पष्टीकरण. पीक तयार झालं की कापायचं, पेंढ्या बांधायच्या, सुडी रचायची. खळं सारवायचं, मधोमध तिवडा रोवायचा, त्याच्याभोवती बैलांची पात फिरवून मळणी करायची. मग वावडीवर उभं राहून पाटीतून धार सोडायची. दाणे खाली, भुसा वाऱ्यावर. वारा पडला की उफणणी बंद. लंच टाइममधल्या काउंटरसारखे सगळे बसून राहणार. कापणी, मळणी आणि उफणणी ही तिन्ही कामं जे यंत्र चालता चालता एका दमात करतं, ते कंबाइन. म्हणजे चाकांवर बसवलेलं खळंच म्हणा ना!

त्याची आतली रचना मला फार आवडते, कारण ती थेट आमच्या बँकेसारखी आहे. तोंडाशी एक मोठा फिरता रहाट असतो. तो उभं पीक वाकवून आत घेतो. हा दारावरचा शिपाई. खाली कात्र्यांची पट्टी पीक कापते आणि सरकता पट्टा ते पोटात नेतो. पोटात दातेरी ढोल गरागरा फिरत असतो, त्याच्याखाली जाळीदार अर्धगोल. दोहोंच्या चिमटीत कणसातले दाणे सुटतात. ही मॅनेजरची केबिन. आत गेलेला माणूस जसाच्या तसा बाहेर येत नाही. मग हलत्या पायऱ्या पेंढा उडवत मागं टाकतात, चाळण्या दाणे गाळतात, पंखा भुसा उडवतो. आणि सगळ्यात शेवटी हातात पडतं ते निव्वळ धान्य, जे कापायचं ते सगळं कापून झाल्यावर उरणाऱ्या पगारासारखं.

आता या घराण्याचा मूळपुरुष. तो निघाला थेट रोमन काळातला. पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थानं, हाती येईल त्या विषयाची माहिती लिहून ठेवण्याच्या आपल्या सवयीप्रमाणे, गॉल प्रांतातल्या म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या मोठमोठ्या शेतांवरचं एक यंत्र वर्णन करून ठेवलंय. दोन चाकांवर एक मोठी पेटी, पेटीच्या पुढच्या कडेला दात्यांची रांग, आणि जनावर जुंपलेलं मागच्या बाजूला. गाडी पुढं आणि बैल मागं! जनावर ढकलत चाललं की दाते कणसं ओरबाडतात आणि ती पेटीत पडतात. पुष्कळ विद्वानांना ही प्लिनीची थाप वाटली असती, पण १९५८ साली बेल्जियममध्ये ब्युझनॉल इथं एक कोरीव दगड सापडला आणि त्यावर हेच यंत्र, हेच दाते! रोमन साम्राज्य बुडालं आणि त्याच्याबरोबर ही गाडीही बुडाली. नंतर कितीतरी शतकं माणसं पुन्हा विळा घेऊन वाकली.

तिथून एकदम उडी मारायची ती स्कॉटलंडमध्ये, १८२८ साली. पॅट्रिक बेल हा शेतकऱ्याचा मुलगा, धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता. बागेतली झुडपं छाटायची कातरी बघून त्याला कल्पना सुचली की अशाच बारा-पंधरा कातऱ्या ओळीनं लावल्या तर शेत का कापलं जाऊ नये? गावात हसू होईल म्हणून पठ्ठ्यानं घराच्या कोठारातच माती पसरली, तिच्यात ओटची ताटं एकेक करून खोवली आणि बंद दाराआड यंत्र चालवून बघितलं. पुढं शेतातली पहिली चाचणीही भावाला घेऊन रात्री, लोक झोपल्यावर. यंत्र चाललं. त्याच्याही मागंच घोडे. आणि मग या माणसानं काय करावं? त्यानं पेटंटच घेतलं नाही! सगळ्यांच्या उपयोगाची वस्तू आहे, सगळ्यांनी वापरावी, म्हणाला आणि आयुष्यभर शांतपणे प्रवचनं करत राहिला. आमच्या हेड कॅशिअरना ही हकिगत सांगितली तेव्हा ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "घरचे लोक काय म्हणाले असतील हो?"

बेलचं यंत्र जमेच्या बाजूला लिहून होतंय तोवर नावेची पहिली मोठी नोंद झाली. कापणीचं यंत्र नवं होतं, पण मळणीचं यंत्र त्याआधीच आलेलं होतं. अँड्र्यू मीकल नावाच्या स्कॉटिश माणसानं १७८६ च्या सुमारास ते चालतं केलं आणि पुढच्या चाळीस वर्षांत ते इंग्लंडभर पसरलं. आता इंग्लंडातल्या शेतमजुराचं सगळं आयुष्य या मळणीवर टेकलेलं. हिवाळ्यात शेतात काम नाही. कोठारात बसून काठ्यांनी पेंढ्या झोडपायच्या आणि त्यावर दिवस काढायचे. यंत्रानं नेमकं तेच काम उचललं. १८३० च्या ऑगस्टअखेर केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रं फोडायला सुरुवात केली आणि बघता बघता दक्षिण इंग्लंडात वणवा पेटला. शेतमालकांना धमकीची पत्रं यायची, खाली सही 'कॅप्टन स्विंग'. असा कुणी कॅप्टन नव्हताच. पण सरकारला शिक्षा द्यायला खरी माणसं लागतात, ती सापडली. १९ जणांना फाशी झाली, पाचशेच्या आसपास लोकांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. ही ऑस्ट्रेलियाची नोंद ध्यानात ठेवा. आपल्याला पुढं तिथंच जायचं आहे.

इकडे अमेरिकेत १८३१ साली व्हर्जिनियात सायरस मॅकॉर्मिकनं कापणीयंत्र चालवून दाखवलं आणि १८३४ साली पेटंट घेतलं. बेलच्या अगदी उलट माणूस. १८४७ साली त्यानं शिकागोला कारखाना काढला आणि एक असा शोध लावला की ज्यावर माझ्यासारख्याचा चरितार्थ चालतो: हप्ते! थोडे पैसे आधी द्या, यंत्र घेऊन जा, बाकीचे सुगी झाल्यावर फेडा. वर लेखी हमी. लोक मॅकॉर्मिकला कापणीयंत्राचा जनक म्हणतात, मी त्याला कर्जखात्याचा कुलदैवत मानतो. मात्र ते पहिलं यंत्र घडवताना त्याच्याबरोबर राबणारा एक माणूस होता, जो अँडरसन. तो त्या घराचा गुलाम होता. पेटंटाच्या कागदावर एकाच माणसाचं नाव आहे. हीही नावेच्या बाजूची नोंद, फक्त नाव न घातलेली.

मॅकॉर्मिकचं यंत्र नुसतं कापायचं. कापणी, मळणी, उफणणी एकत्र करणारं खरंखुरं कंबाइन काढलं ते मिशिगनमधल्या हायरम मूर आणि जॉन हॅस्कल या जोडीनं. पेटंट १८३६ चं. हे यंत्र हॅस्कलच्या बायकोला म्हणे स्वप्नात दिसलं होतं. (मी हे मुद्दाम घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यावर सौ. म्हणाली, "मला स्वप्नात फ्लॅटचं पझेशन दिसतं, त्याचं पेटंट मिळेल का?") यंत्र एवढं अवजड की ओढायला सोळा-वीस घोडे. पण मिशिगनची हवा दमट. धान्य शेतातच कडकडीत वाळायचं नाही, आणि ओलं धान्य कापल्याबरोबर मळलं तर ते पोत्यात सडतं. म्हणजे मुलगी चांगली, पण सासर चुकलेलं. शेवटी १८५४ साली एक यंत्र जहाजात घालून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून कॅलिफोर्नियाला धाडलं. तिथली हवा कोरडी. तिथं त्यानं एका हंगामात ६०० एकर गहू कापला! आणि दोन वर्षांनी, १८५६ साली, ते शेतातच जळून गेलं. का? तर एका बेअरिंगला वंगण द्यायचं राहिलं. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून गेलेलं यंत्र चमचाभर वंगणासाठी राख झालं. तेव्हापासून आमच्या घरातल्या शिलाई मशीनला मी दर महिन्याला तेल देतो.

त्यानंतर तीसएक वर्षांनी त्याच कॅलिफोर्नियात कंबाइनांचा सुकाळ झाला. १८८६ साली स्टॉकटन गावात बेंजामिन होल्टच्या कारखान्यातून पहिलं कंबाइन निघालं. तीस-तीस खेचरं जुंपलेली ती लाकडी धुडं म्हणजे चालतं गावच. एक हाक्या शिडीसारख्या दांड्यावर जनावरांच्या डोक्यावर बसायचा. शेजारी खड्यांची पेटी. लगाम इतक्या जणांना पुरणार कुठून? जे खेचर आळस करील त्याच्या पाठीवर नेमका खडा. (आमच्या शाखेत ही पद्धत सुरू झाली तर खडे कमी पडतील.) एकजण पात्याची उंची सांभाळायचा, एकजण यंत्राचं दुखणंखुपणं बघायचा, आणि मागच्या फळीवर बसलेला एकजण भरलेली पोती सुतळीनं शिवून खाली सोडायचा. त्याच १८८६ सालच्या सुमारास जॉर्ज बेरी नावाच्या शेतकऱ्यानं वाफेवर आपलं आपण चालणारं कंबाइन केलं, आणि त्याच्या बॉयलरला जळण म्हणून घातला त्यानंच मळलेल्या गव्हाचा पेंढा! स्वतःचं जेवण स्वतःच रांधून खात पुढं जाणारं यंत्र. फक्त ठिणग्या उडवणारी भट्टी घेऊन वाळलेल्या गव्हाच्या शेतातून फिरायचं, म्हणजे काळजाची तयारी हवी. होल्टची कंपनी १९२५ साली दुसऱ्या एका कंपनीत मिळाली आणि तिचं नाव झालं कॅटरपिलर. आज धरणांच्या आणि खाणींच्या कामांवर जी पिवळीधमक यंत्रं दिसतात, त्यांचं मूळ असं गव्हाच्या शेतात आहे.

आता ऑस्ट्रेलिया. तिथं जमीन उदंड, हवा कोरडी, आणि मजूर मिळायची मारामार. १८४३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात जॉन रिडलीनं कणसं ओरबाडून तिथंच झोडपणारं यंत्र केलं. कणसं ओरबाडायची कल्पना प्लिनीचीच. ती त्यानं शेतीच्या कोशात वाचली होती असं सांगतात. म्हणजे रोमन साम्राज्याबरोबर बुडालेली गाडी कितीतरी शतकांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वर आली. ग्रंथालयाची वर्गणी वाया जात नाही, ती अशी.

पण रिडलीच्या यंत्रातून धान्य भुशासकट निघायचं, उफणणी हातानंच. ती अडचण १८८४ साली व्हिक्टोरियातल्या ह्यू व्हिक्टर मॅके या पोरानं सोडवली. वय पुरतं एकोणीस नाही, आणि घरच्या लोहारकामाच्या खोपटात जुन्या यंत्रांच्या भंगारातून त्यानं ओरबाडणारं, मळणारं आणि उफणणारं यंत्र उभं केलं. पुढं एका अमेरिकन धर्मोपदेशकाच्या व्याख्यानावरून त्यानं यंत्राचं नाव ठेवलं 'सनशाइन'. धंदा एवढा वाढला की मेलबर्नजवळच्या ज्या गावात कारखाना गेला, त्या गावाचंच नाव १९०७ साली सनशाइन झालं. आपल्याकडे गावाच्या नावावरून आडनावं पडतात, तिथं यंत्राच्या नावावरून गाव.

आणि याच कारखान्यावरून या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता प्रसंग घडला. तो शेतात घडला नाही, कोर्टात घडला.

त्याचं असं झालं. १९०६ साली ऑस्ट्रेलियन सरकारनं कायदा केला की देशात बनणाऱ्या शेतीयंत्रांवर कर बसेल. पण जो कारखानदार मजुरांना 'न्याय्य आणि वाजवी' पगार देत असेल त्याला कर माफ. मॅके म्हणाला, मी वाजवीच देतो. प्रकरण न्यायमूर्ती हिगिन्स यांच्यापुढं गेलं. आता वाजवी म्हणजे किती? कायद्यात आकडा नव्हता. दुसरा न्यायाधीश असता तर बाजारात मजूर काय भावानं मिळतो ते बघून मोकळा झाला असता. हिगिन्सनी मालकाला काय परवडतं ते विचारलं नाही; मजुराच्या घरात काय लागतं ते विचारलं. मजुरांच्या बायका साक्षीला आल्या. भाडं किती, पाव किती, मांस, दूध, भाजी, सरपण किती... वाण्याच्या उधारीच्या वह्या पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या कोर्टाच्या दप्तरात गेल्या. आणि ८ नोव्हेंबर १९०७ रोजी निकाल लागला: नवरा, बायको आणि तीन मुलं एवढ्या कुटुंबाला काटकसरीनं का होईना, पण माणसासारखं जगायचं तर अकुशल मजुराला दिवसाला ७ शिलिंग, आठवड्याला ४२ शिलिंग मिळालेच पाहिजेत. मॅके साधारण ६ शिलिंग देत होता.

या निकालाला तिथं नाव पडलं 'हार्वेस्टर जजमेंट'. पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टानं तो मूळ कायदाच घटनाबाह्य ठरवला आणि मॅकेला वाढीव पगार द्यावा लागला नाही. गंमत अशी की खटला मालकानं जिंकला आणि आकडा मात्र मजुरांचा टिकला. पगार ठरवायचा तर आधी संसाराचा खर्च बघायचा, ही रीत पुढं कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियात चालली. तिच्यातही एक गफलत होतीच. कुटुंब पोसतो तो पुरुष, हे गृहीत धरल्यामुळं बायकांना पुढं बराच काळ कमी पगार मिळत गेला. ज्यांच्या साक्षीवर आकडा ठरला, त्यांच्याच वाट्याला तो पुरता आला नाही.

आपल्याकडे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचं सूत्र ठरवलं ते याच जातीचं: एका कमावत्यामागं तीन खाणारे घटक धरायचे, अन्नाचं माप इतकं, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडं, दिवाबत्ती. युनियनच्या सभेत महागाई भत्त्यावरची भाषणं ऐकताना मला म्हणूनच कधी कंटाळा येत नाही. बाकीच्यांना डोळ्यांपुढं आकडे दिसतात, मला एक लाकडी हार्वेस्टर दिसतो. ज्या यंत्राच्या घराण्यापायी इंग्लंडातले मजूर फासावर गेले आणि काळ्या पाण्यावर गेले, त्याच घराण्यातल्या एका यंत्राच्या नावानं, त्याच काळ्या पाण्यावरच्या मुलखात, मजुराच्या ताटातल्या पावाचा हिशेब कोर्टानं केला. अख्ख्या खातेवहीत यंत्राचं नाव मजुराच्या जमेला लागलेलं असं हे एकच पान मला सापडलं.

कारण पुढच्या पानावर लगेच १९२३ साल येतं. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये बाल्डविन बंधूंनी एक सुटसुटीत कंबाइन काढलं आणि नाव दिलं 'ग्लीनर'. हे नाव त्यांना सुचलं फ्रेंच चित्रकार मिये याच्या १८५७ सालच्या प्रसिद्ध चित्रावरून. ते चित्र तुम्ही कुठं ना कुठं पाहिलं असेल. कापणी झालेल्या शेतात तीन गरीब बायका वाकून पडलेली कणसं वेचताहेत. लांब मागं गंजींचे ढीग, गाड्या, घोड्यावर बसलेला मुकादम. सुगी तिकडे, आणि या तिघी इकडे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: सरवा. पीक कापून नेल्यावर शेतात जी कणसं पडून राहतात तो सरवा, आणि तो वेचणाऱ्याचा. आता गंमत बघा. शेतात एक दाणाही मागं राहू नये म्हणून जे यंत्र काढलं, त्याचं नाव काय, तर सरवा वेचणारी! हरणाचं कातडं घातलेल्या वाघानं स्वतःचं नाव 'हरिण' ठेवावं, तसंच हे.

सरव्याचं मला एवढं काय पडलंय म्हणाल, तर माझी आजी लहानपणी सरवा वेचायची. ज्वारीची कापणी संपली की दुसऱ्या दिवशी पहाटे ती आणि तिची बहीण ओट्यात कणसं गोळा करत हिंडायच्या. शेताचा मालक बघून न बघितल्यासारखं करायचा. खळ्यावर बलुतेदारांना वाटा मिळायचा, पण ज्यांच्याकडे बलुतंही नव्हतं त्यांचा हा वाटा. त्या कणसांवर त्यांचे उन्हाळ्यातले कितीतरी दिवस निघायचे. त्यामुळं आजीच्या राज्यात आमच्या घरी भाकरीचा तुकडा टाकणं हा दखलपात्र गुन्हा होता. मी पाहिली तेव्हा ती कमरेतून पार वाकलेली होती. आम्ही समजायचो, म्हातारपणामुळं.

असो. यंत्र काही कुणासाठी थांबत नाही. १९३८ साली कॅनडातल्या मॅसी-हॅरिस कंपनीनं टॉम कॅरल या मूळच्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरच्या हातून आपलं आपण चालणारं कंबाइन काढलं. त्यानंतरचं हलकं मॉडेल म्हणजे 'नंबर २१'. महायुद्ध सुरू, लोखंडावर रेशन, तरणी पोरं आघाडीवर, आणि शेतात गहू उभा. कंपनीनं अमेरिकन सरकारला गळ घातली की आम्हाला आणखी ५०० यंत्रांपुरतं लोखंड द्या, ती एका जागी न ठेवता पिकामागं पळवतो. १९४४ साली ही 'हार्वेस्ट ब्रिगेड' निघाली. गहू दक्षिणेकडे आधी पिकतो. तिथून कापत कापत, पिकणाऱ्या शेतांच्या मागोमाग ही पलटण उत्तरेला कॅनडाच्या सीमेपर्यंत गेली. हंगाम संपला तेव्हा दहा लाख एकरांवर रान कापून झालं होतं आणि अडीच कोटी बुशेल धान्य पदरात पडलं होतं. एक बुशेल गहू म्हणजे साधारण २७ किलो. गुणाकार तुम्हीच करा, माझी ड्यूटी संपली. इथं मी जमेच्या बाजूला लाल शाईनं खूण केली आहे. ही यंत्रं नसती तर तेवढं रान कापायला त्या वर्षी माणसं आणायची कुठून?

आता या जुन्या यंत्रांवर जीव टाकणारे माझे जातभाई. जगात ते पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे जागाही आहे! गंजलेली कंबाइनं गवतातून ओढून काढायची, पट्टे बदलायचे, पत्रा ठोकायचा, मूळचाच रंग द्यायचा आणि वर्षातून एक दिवस दोन एकर कापून परत झाकून ठेवायची. वॉशिंग्टन राज्यातल्या लिंड गावानं तर १९८८ साली म्हाताऱ्या कंबाइनांची एकमेकांना धडका देण्याची स्पर्धाच सुरू केली. माझ्यानं ते बघवणार नाही. निवृत्त हेडक्लार्कांची कुस्ती लावल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा कॅनडात मॅनिटोबामधल्या ऑस्टिन गावचा प्रकार मला जास्त भावला. तिथं ३१ जुलै २०१६ रोजी १३९ जुनी मळणीयंत्रं एका शेतात एकाच वेळी चालवली. कशासाठी? भुकेल्यांच्या मदतीसाठी, तिथल्या 'फूडग्रेन्स बँके'साठी. म्हणजे धान्याची बँक! अशा बँकेत बदली मागायला मी आजही तयार आहे.

आणि आपल्याकडे? १९८० साली पंजाब ट्रॅक्टर्सनं 'स्वराज' नावाचं देशी कंबाइन बाजारात आणलं. आज गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या दिवसांत मराठवाड्यात, विदर्भात हमरस्त्यानं जा. पंजाबची नंबरप्लेट लावलेली हार्वेस्टरं रांगेनं येताना दिसतील. आमच्याकडचा गहू आधी पिकतो, मग मध्य प्रदेशातला, आणि बैसाखीच्या सुमारास त्यांच्या घरचा. तीच हार्वेस्ट ब्रिगेड, फक्त टपावर पगडी आणि केबिनमध्ये पंजाबी गाणी. शेतकरीही एकराचा भाव ठरवून त्यांचीच वाट बघतो. बघणारच. मजूर वेळेवर मिळत नाहीत, आणि अवकाळी पाऊस सांगून येत नाही. हाताशी आलेलं पीक एका रात्रीत मातीला मिळतं. ज्याचं शेत आहे त्याला हे यंत्र म्हणजे देव. मात्र कंबाइन वरून कापतं आणि खाली खुंट उभे ठेवतं. तिकडे उत्तरेत ते खुंट जाळून टाकतात आणि थंडीच्या तोंडाशी तो धूर दिल्लीच्या घशात जातो. इकडे पेंढा भुगा होऊन रानात पांगतो, तर दावणीची गुरं चाऱ्यासाठी वैरणीच्या बाजाराकडे डोळे लावून बसतात. हीही नोंद करून ठेवली.

परवा हे सगळं वहीत उतरवून काढत होतो. मुलगी शेजारी येऊन बसली. मिशिगन, केप हॉर्न, सनशाइन यांतलं काहीच तिला अडलं नाही. बोट ठेवलं ते एकाच शब्दावर. "बाबा, सरवा म्हणजे?"

मी सांगितलं. पणजीचंही सांगितलं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे त्यांना फुकट मिळायचं?"

"फुकट नाही गं," मी म्हटलं, "एकेका कणसाला एकेकदा वाकावं लागायचं."